गुप्त सेवेचे प्रकट स्मारक : खासगी निधी, कायदा आणि पुराव्याचा प्रश्न

गोषवारा

लष्करी गुप्तवार्ता सेवेतील माजी सैनिकांचे स्मारक खासगी निधीतून उभारावे व त्यास कायद्याचे अधिष्ठान द्यावे, ही कल्पना प्रथमदर्शनी निर्विवाद वाटते. प्रस्तुत लेखात या कल्पनेची चिकित्सा केली आहे. शिरगाव-पालघर परिसरातील स्मरणस्थळे, बहिर्जी नाईक यांच्याविषयीची परंपरा, भारतातील १९०३ व १९५१ चे स्मारक-कायदे आणि अमेरिकेतील १९८६ चा कायदा यांच्या आधारे असे दाखविण्याचा प्रयत्न आहे की, अशा विधेयकाची खरी कसोटी निधीच्या कलमात नसून पुराव्याच्या कलमात आहे.

प्रास्ताविक

रणांगणावर पडलेल्या सैनिकाचे स्मारक उभारणे समाजाला तुलनेने सोपे जाते. त्याचे नाव, पलटण, मृत्यूचा दिवस आणि ठिकाण यांची नोंद लष्कराजवळ असते. गुप्तवार्तेचे काम करणाऱ्या सैनिकाची गोष्ट निराळी आहे. त्याचे यश नोंदले गेले तरी ती नोंद बंद कपाटात राहते आणि अपयश मात्र चौकशी समितीच्या अहवालातून जगासमोर येते. कारगिल संघर्षानंतर के. सुब्रह्मण्यम यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीचा अहवाल २००० साली संसदेपुढे आला. त्यातील काही मजकूर सुरक्षिततेच्या कारणास्तव वगळण्यात आला. तरीही गुप्तवार्ता यंत्रणेच्या उणिवा देशाला कळल्या. त्याच यंत्रणेतील कोणी, कोठे, कोणते संकट टाळले याचा असा अहवाल निघत नाही. टळलेल्या संकटाला साक्षीदार नसतो.

या विषमतेमुळेच गुप्तवार्ता सेवेतील निवृत्तांसाठी स्वतंत्र स्मारक हवे, अशी मागणी होणे स्वाभाविक आहे. सरकारी तिजोरीवर भार नको म्हणून निधी खासगी असावा आणि जागा व मान्यता मिळावी म्हणून कायदा असावा, अशी या मागणीची सर्वसाधारण मांडणी असते. या मांडणीमागील कृतज्ञता खरी आहे. तथापि कृतज्ञता खरी असली म्हणून तिला दिलेले कायदेशीर रूपही योग्यच ठरते असे नाही. येथे त्या रूपाचा विचार करावयाचा आहे.

शिरगाव परिसर : नावाचे स्मरण आणि निनावी स्मरण

पालघर तालुक्यातील शिरगाव हे समुद्रकाठचे गाव. येथील किल्ला पोर्तुगीजांच्या ताब्यात होता. चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेत, १७३९ च्या प्रारंभी, माहीम, केळवे, शिरगाव, तारापूर ही ठाणी मराठ्यांनी घेतली आणि त्याच वर्षी मे महिन्यात वसई शरण आली. तारापूरच्या वेढ्यात बाजी भिवराव रेठरेकर कामी आले. त्यांचे नाव इतिहासाला ठाऊक आहे. ठाण्यातील शिबंदी किती, दारूगोळा किती, भरतीची वेळ कोणती, ही बातमी ज्यांनी छावणीत पोहोचवली असेल त्या जासुदांना मात्र लोकस्मृतीत स्थान नाही. गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली प्रसिद्ध झालेल्या पेशवे दफ्तरातील निवडक कागदांमध्ये या मोहिमेची पत्रे उपलब्ध आहेत. कागद आहे, त्या कागदामागचा माणूस शोधण्याचे काम पुढच्या अभ्यासकांचे आहे.

याच परिसरातील दुसरे स्मरणस्थळ म्हणजे पालघरचा हुतात्मा स्तंभ. १४ ऑगस्ट १९४२ रोजी पालघरच्या कचेरीवर गेलेल्या मोर्चावर गोळीबार झाला आणि सातपाटीचे काशिनाथ हरी पागधरे, नांदगावचे गोविंद गणेश ठाकूर, पालघरचे रामप्रसाद भीमाशंकर तिवारी, मुरब्याचे रामचंद्र महादेव चुरी व सालवडचे सुकुर गोविंद मोरे हे पाच जण हुतात्मा झाले. या स्मरणाचे बळ त्याच्या नेमकेपणात आहे. पाच नावे, पाचही माणसे पंचक्रोशीतील गावांची, एक दिवस, एक ठिकाण. दरवर्षी १४ ऑगस्टला जमणाऱ्या लोकांना आपण कोणाला वंदन करीत आहोत हे ठाऊक असते. आणि त्या नावांबद्दल शंका घेणाऱ्याला उत्तर देण्याइतका पुरावाही समाजाजवळ असतो.

तिसरे स्थळ जव्हारजवळचे शिरपामाळ. सुरतेच्या पहिल्या स्वारीच्या वाटेवर शिवाजी महाराजांचा येथे मुक्काम झाला आणि जव्हारचे राजे विक्रमशहा यांनी त्यांचे स्वागत केले, अशी परंपरा आहे. तिची आठवण म्हणून तेथे स्मारक आहे. जानेवारी १६६४ मधील ती स्वारी आधी मिळविलेल्या अचूक बातमीवाचून शक्य झाली नसती, हे कोणीही मान्य करील. म्हणजे शिरपामाळावर ज्या राजाचे स्मरण होते त्याच्या वाटेवर आधी एक बातमीदार चालून गेलेला आहे. हा बातमीदार म्हणून मराठी मनापुढे एकच नाव उभे राहते, ते बहिर्जी नाईक यांचे.

बहिर्जी नाईक : नोंद आणि आख्यायिका

बहिर्जींच्या बाबतीत नोंद किती आणि आख्यायिका किती, हे पाहणे प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने उद्बोधक आहे. सतराव्या शतकाच्या अखेरीस जिंजी येथे कृष्णाजी अनंत सभासद यांनी लिहिलेल्या बखरीत बहिर्जी जाधव या जासुदाचा उल्लेख येतो. सुरत मारल्यास मोठे द्रव्य हाती लागेल ही बातमी त्याने आणल्याचे आणि जालन्याच्या स्वारीहून परतताना सैन्याला आडवाटेने सुरक्षितपणे पट्टागडाकडे नेल्याचे श्रेय बखर त्याला देते. सुरतेच्या लुटीचे तपशील इंग्रज व डच वखारींच्या पत्रव्यवहारातही सापडतात. पण त्या पत्रांचा विषय स्वारी हा आहे, तिच्या पूर्वतयारीतील माणसे हा नाही.

याउलट लोकमानसातील बहिर्जी फार विस्तृत आहे. त्याची असंख्य वेषांतरे, पशुपक्ष्यांच्या आवाजांची सांकेतिक भाषा, हजारो हेरांचे जाळे, वीरमरण या साऱ्या गोष्टी कादंबरी, व्याख्यान आणि चित्रपट यांतून इतक्या वेळा सांगितल्या गेल्या आहेत की त्यांना आता नोंदीची प्रतिष्ठा मिळाली आहे. सांगली जिल्ह्यातील खानापूर तालुक्यात बाणूरगडावर त्यांची समाधी दाखविली जाते. ‘नाईक’ हे आडनाव की जासुदांच्या प्रमुखाचा हुद्दा, त्यांचे मूळ घराणे कोणते, मृत्यू कोठे व कसा झाला, या प्रश्नांवर मतभेद आहेत आणि ते मिटविण्याइतकी समकालीन साधने उपलब्ध नाहीत.

यात लोकपरंपरेचा दोष नाही. नोंद नसलेल्या जागी समाज कथा ठेवतो, हा स्मृतीचा धर्मच आहे. प्रश्न निर्माण होतो तो कथेला शिळेचे रूप देताना. कथा सांगणारा बदलला की कथा बदलते, तिच्यात दुरुस्तीला वाव असतो. शिळेवर कोरलेला मजकूर दुरुस्त होत नाही. तो पुढे पाठ्यपुस्तकात, पर्यटन पुस्तिकेत आणि भाषणात पुरावा म्हणून वापरला जातो. शिवाय घराणे वा समाज यांविषयीचा वाद अनिर्णित असताना स्मारकाचा खर्च जो करील त्याचा पक्ष शिळेवर उमटण्याचा संभव असतो. साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या एका हेराबाबत जे घडले ते विसाव्या शतकातील गुप्तवार्ता सैनिकांबाबत घडणार नाही, याची हमी कायदाच देऊ शकतो. तो तशी हमी देतो का, हे पाहिले पाहिजे.

स्मारक-कायद्यांचे नमुने

लोकवर्गणीतून स्मारक आणि त्यासाठी स्वतंत्र कायदा, ही पद्धत भारताला नवी नाही. कोलकात्याचे व्हिक्टोरिया स्मारक संस्थानिक व प्रजाजन यांच्या वर्गणीतून उभे राहिले. त्याच्या विश्वस्त मंडळासाठी १९०३ चा कायदा झाला. ती वर्गणी ‘ऐच्छिक’ म्हणून नोंदलेली असली तरी सत्ताधीशाच्या इच्छेपुढे ऐच्छिकतेला किती अर्थ उरतो, हा प्रश्न तेथेच उपस्थित होतो. याच्या नेमके विरुद्ध टोक म्हणजे जालियनवाला बाग. हत्याकांडानंतर १९२० साली लोकवर्गणीतून ती जागा विकत घेण्यात आली आणि स्वातंत्र्यानंतर १९५१ च्या कायद्याने राष्ट्रीय स्मारकाचा न्यास स्थापन झाला. २०१९ च्या दुरुस्तीने काँग्रेस अध्यक्षांचे पदसिद्ध विश्वस्तपद रद्द झाले आणि नियुक्त विश्वस्ताची मुदत संपण्यापूर्वी त्याला दूर करण्याचा अधिकार केंद्र सरकारला मिळाला. या दुरुस्तीचे समर्थन वा विरोध हा येथील विषय नाही. घ्यावयाचा बोध इतकाच की पैसा लोकांनी दिला असला तरी स्मारकाच्या अर्थाची मालकी विश्वस्त मंडळाच्या रचनेवर ठरते आणि ती रचना कायदेमंडळातील बहुमताने बदलू शकते.

अमेरिकेतील १९८६ चा ‘कमेमोरेटिव्ह वर्क्स ॲक्ट’ अधिक तपशीलवार आहे. राजधानी परिसरातील ठरावीक केंद्रीय भूमीवर स्मारक उभारावयाचे तर प्रत्येक वेळी काँग्रेसची संमती लागते. व्यवहारात प्रायोजक संस्थाच निधी उभारते. बांधकाम खर्चाच्या दहा टक्के रक्कम देखभालीसाठी वेगळी द्यावी लागते. ठरावीक मुदतीत काम सुरू न झाल्यास संमती संपते. व्यक्तीच्या स्मारकासाठी तिच्या मृत्यूनंतर पंचवीस वर्षे थांबावे लागते. यातील एक तरतूद प्रस्तुत विषयाच्या मर्मावरच बोट ठेवते. लष्करी स्मारक केवळ मोठ्या युद्धाचे अथवा सशस्त्र दलाच्या एखाद्या शाखेचे असू शकते. दलातील एखाद्या तुकडीचे स्मारक या कायद्याखाली मान्य होत नाही. मग गुप्तवार्तेचे काम ही शाखा मानावयाची, तुकडी मानावयाची, की सर्व शाखांना छेदून जाणारे कार्य? गुप्तवार्ता सैनिकांच्या स्मारकाचे विधेयक मांडणाऱ्याला या प्रश्नाला आधी उत्तर द्यावे लागते. आणि उत्तर गैरसोयीचे ठरले तर मूळ कायद्याला अपवाद मागावा लागतो. दहशतवादविरोधी युद्धाच्या स्मारकासाठी २०१७ साली प्रतीक्षाकाळाची अट अशीच शिथिल करण्यात आली. प्रत्येक अपवाद स्वतंत्रपणे पाहिला तर न्याय्य वाटतो. एकत्रितपणे ते नियमाला पोकळ करतात.

महाराष्ट्रापुरते पाहिल्यास पुण्यातील दक्षिण मुख्यालयाशी निगडित राष्ट्रीय युद्ध स्मारकाचे उदाहरण महत्त्वाचे आहे. १५ ऑगस्ट १९९८ रोजी खुले झालेले हे स्मारक नागरिकांच्या देणग्यांतून उभे राहिले आणि त्यासाठी स्वतंत्र कायद्याची गरज भासली नाही. लष्करी गुप्तवार्तेचे प्रशिक्षण केंद्रही पुण्यातच आहे. यावरून असे दिसते की नागरिकांचा निधी व लष्कराचे सहकार्य एकत्र आले तर स्मारक होऊ शकते. मात्र ते स्मारक स्वातंत्र्योत्तर काळात कामी आलेल्या, म्हणजे अभिलेखात नाव असलेल्या सैनिकांचे आहे. गुप्त सेवेच्या बाबतीत नेमकी हीच सोय उपलब्ध नसते.

‘खासगी’ या शब्दाची चिकित्सा

विधेयकाच्या समर्थनातील सर्वांत आकर्षक मुद्दा म्हणजे सरकारला खर्च नाही. हा मुद्दा तपासून घेतला पाहिजे. न्यासाला दिलेल्या देणगीवर देणगीदारास प्राप्तिकरात सवलत मिळाली तर तेवढ्या प्रमाणात सार्वजनिक महसूल कमी होतो. तारापूर-बोईसरसारख्या औद्योगिक वसाहतीच्या परिसरात स्मारकाचा निधी उद्योगांकडून येण्याची शक्यता अधिक. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत माजी सैनिक, युद्धविधवा व त्यांचे अवलंबित यांच्या हिताचे उपक्रम सामाजिक उत्तरदायित्वाच्या खर्चात समाविष्ट आहेत. ही रक्कम कंपनीची असली तरी तिचा खर्च कायद्याने बंधनकारक केलेला असतो. तीतून दगडी स्तंभ उभारणे म्हणजे ‘हिताचा उपक्रम’ होय काय, की त्याच पैशातून एखाद्या निवृत्ताच्या विधवेचे औषधपाणी होणे अधिक सुसंगत ठरेल, हा प्रश्न टाळता येत नाही. जागा सार्वजनिक असेल तर तिचेही मोल आहेच. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१३ मध्ये सार्वजनिक रस्ते व पदपथांवर पुतळे वा बांधकामे उभारण्यास परवानगी देऊ नये असा आदेश दिला, त्यामागे सार्वजनिक जागा ही कोणाच्याही श्रद्धेची खासगी मिळकत नाही हेच तत्त्व दिसते.

याहून गंभीर विसंगती वेगळीच आहे. देणगीदाराची ओळख प्रकट असते. किंबहुना प्रकट व्हावी म्हणूनच अनेक देणग्या दिल्या जातात. ज्याचा गौरव करावयाचा त्याची ओळख मात्र गुप्त असते. परिणामी असे स्मारक उभे राहण्याचा संभव आहे की ज्याच्या प्रवेशद्वाराशी दात्यांची नामावली ठळक अक्षरांत आहे आणि गाभ्यात, जेथे सैनिकांची नावे हवीत तेथे, कोरा दगड आहे. त्या कोऱ्या दगडावर कोणी काय वाचावे हे मग दात्यांच्या संस्थेचे मार्गदर्शकच सांगणार. विधेयकात दात्यांच्या नावांवर मर्यादा घालणारे कलम नसेल तर कायद्यानेच या विसंगतीला संमती दिली असे होईल.

घटनात्मक अडचणही विचारात घ्यावी लागते. संरक्षण व सशस्त्र दले हे संघसूचीतील विषय आहेत. राज्य विधिमंडळ न्यासाची वा जागेची व्यवस्था लावू शकेल. परंतु संरक्षण मंत्रालयाने कोणत्या सैनिकांची नावे द्यावीत हे ठरविणे त्याच्या अधिकारकक्षेबाहेरचे आहे. संसदेच्या बाबतीत संघसूचीतील नोंद ६२ पाहण्याजोगी आहे. व्हिक्टोरिया स्मारकासारख्या नामनिर्दिष्ट संस्थांबरोबरच तत्सम अन्य संस्थेला राष्ट्रीय महत्त्वाची म्हणून घोषित करण्याचा अधिकार ती नोंद देते. पण अशी संस्था भारत सरकारच्या पूर्ण वा अंशतः अर्थसाहाय्यावर चालणारी असावी, हे तेथे गृहीत आहे. म्हणजे शंभर टक्के खासगी निधी ही जी बाब विधेयकाचे भूषण म्हणून मांडली जाते, तीच या नोंदीपुरती त्याची उणीव ठरते. १९५१ च्या धर्तीचा स्वतंत्र कायदा करता येईल. पण मग राज्यसंस्थेला आपल्या सहभागाचे स्वरूप स्पष्ट करावे लागेल. मान्यता द्यावयाची आणि जबाबदारी घ्यावयाची नाही, हे दोन्ही एकत्र नांदू शकत नाही.

सन्मानास पात्र कोण?

‘लष्करी गुप्तवार्ता सेवेतील माजी सैनिक’ ही व्याख्या वाटते तितकी सरळ नाही. पटावरील अधिकारी व जवान तिच्यात निःसंशय येतात. परंतु गुप्तवार्तेचे काम पटाबाहेरील माणसांवाचून चालत नाही. दुभाषी, वाटाड्या, सीमेवरचा गुराखी, बंदरातील खलाशी ही सारी या कामाची अंगे आहेत. १९९९ च्या मे महिन्यात कारगिल भागातील घुसखोरीची पहिली खबर लष्कराला देणारे ताशी नामग्याल हे मेंढपाळ होते. त्यांचे नाव पुढे सर्वश्रुत झाले, हे अपवादात्मक होय. व्याख्या पटापुरती ठेवली तर असे लोक बाहेर राहतात. ती सैल केली तर कोणीही आपला पूर्वज हेर असल्याचा दावा करू शकतो आणि तो दावा खोटा ठरविण्याचे साधन कोणाकडे नसते. सुरतेची बातमी आणणारा आणि कारगिलची बातमी देणारा यांच्यामध्ये तीन शतकांचे अंतर आहे. व्याख्येचा पेच मात्र एकच आहे.

येथे परदेशांतील दोन उदाहरणे परस्परांशी ताडून पाहता येतात. अमेरिकेच्या मध्यवर्ती गुप्तचर संस्थेच्या मुख्यालयातील भिंतीवर सेवेत मृत्यू पावलेल्या प्रत्येकासाठी एक तारा कोरलेला आहे. सोबतच्या ग्रंथात काही ताऱ्यांपुढे नाव आहे, काहींपुढे जागा मोकळी आहे. ही मोकळी जागा प्रामाणिक आहे, कारण नाव माहीत असलेली संस्थाच ती मोकळी ठेवते आहे. दुसरे उदाहरण लंडनच्या गॉर्डन चौकातील नूर इनायत खान यांच्या अर्धपुतळ्याचे. दुसऱ्या महायुद्धात नाझीव्याप्त फ्रान्समध्ये बिनतारी संदेशयंत्र चालविणाऱ्या नूर यांना सप्टेंबर १९४४ मध्ये दाखाऊ येथे ठार मारण्यात आले. त्यांची सेवा रूढ अर्थाने लष्करी गुप्तवार्तेची नसून विशेष कारवाई संघटनेची होती. तरी तुलना उपयुक्त आहे. ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागारातील कागदपत्रे खुली झाली, त्यांच्या आधारे श्रावणी बसू यांचे चरित्र २००६ साली प्रसिद्ध झाले, नंतर न्यास स्थापन होऊन देणग्या जमल्या आणि नोव्हेंबर २०१२ मध्ये स्मारकाचे अनावरण झाले. निधी खासगी होता. पण क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. आधी कागद, मग ग्रंथ, मग वर्गणी आणि शेवटी पुतळा.

वॉशिंग्टनमधील १९८२ चे व्हिएतनाम युद्ध स्मारकही हेच सांगते. त्याचा खर्च देणग्यांतून झाला, परंतु भिंतीवरील नावे संरक्षण खात्याच्या नोंदींवरून घेतली गेली. पैसा लोकांचा, यादी राज्यसंस्थेची, ही विभागणी त्या स्मारकाच्या विश्वासार्हतेचा आधार ठरली. दात्यांच्या संस्थेने स्वतःच यादी केली असती तर त्या भिंतीला आज मिळणारा मान मिळाला नसता.

पुराव्याचे कलम

भारतात या क्रमाची पहिली पायरीच कच्ची आहे. १९२३ चा शासकीय गुपिते अधिनियम अजूनही अस्तित्वात आहे. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने दुसऱ्या अनुसूचीतील गुप्तवार्ता व सुरक्षा संस्थांना मोठ्या प्रमाणात वगळले आहे. २०२१ मध्ये निवृत्तिवेतन नियमांत झालेल्या दुरुस्तीनुसार अशा संस्थांमधील निवृत्त मुलकी अधिकाऱ्यांना संस्थेशी संबंधित लेखन प्रसिद्ध करण्यापूर्वी परवानगी घ्यावी लागते. ज्याने काम केले तो मोकळेपणाने लिहू शकत नाही, आणि त्याच्या कामाची माहिती कोणी मागितली तर ती मिळत नाही. अशा स्थितीत त्याचे स्मारक मात्र कोणीही उभारू शकतो. यातील विपर्यास स्पष्ट आहे.

या स्थितीला छेद देणाऱ्या तरतुदीही आहेत. १९९३ च्या सार्वजनिक अभिलेख अधिनियमाने जुने अभिलेख जतन करून राष्ट्रीय अभिलेखागाराकडे सोपविण्याची व्यवस्था घालून दिली. जून २०२१ मध्ये संरक्षण मंत्रालयाने युद्ध-इतिहासांचे संकलन व गोपनीयता हटविणे यांविषयीचे धोरण जाहीर केले. त्यानुसार अभिलेख सामान्यतः पंचवीस वर्षांत खुले व्हावेत अशी अपेक्षा आहे. स्मारकाच्या विधेयकाने या धोरणाशी आपली गाठ बांधली पाहिजे. तसे झाल्यास विधेयकात पुढील गोष्टी अपरिहार्य ठरतील. सन्मानार्थींची यादी न्यासाने न करता संरक्षण मंत्रालयाच्या अभिलेखांवरून, इतिहासकारांचा समावेश असलेल्या मंडळाने करावी. नाव प्रकट करता येत नसेल तेथे संख्या, काळ आणि कार्यक्षेत्र यांपैकी जे सांगता येईल ते सांगावे आणि पुनर्विचाराची तारीख कायद्यातच नमूद असावी. परंपरेने चालत आलेली माहिती परंपरा म्हणूनच नोंदवावी. दात्यांची नावे शिळेवर न येता न्यासाच्या वार्षिक हिशेबात यावीत. आणि देखभालीच्या निधीबरोबर अभिलेख-संशोधनाचा निधीही बंधनकारक असावा.

या अटींवर असा आक्षेप येऊ शकतो की त्यामुळे स्मारकाला विलंब होईल आणि आज हयात असलेले वृद्ध निवृत्त आपला सन्मान पाहण्यापूर्वीच जग सोडून जातील. हा आक्षेप हलका नाही. एकोणीसशे एकाहत्तरच्या युद्धात काम केलेली माणसे आता उतारवयात आहेत. त्यांना पंचवीस वर्षांची कालमर्यादा सांगणे निष्ठुरपणाचे वाटेल. तथापि त्या युद्धाला अर्धशतकाहून अधिक काळ लोटला आहे. पंचवीस वर्षांची मर्यादा केव्हाच ओलांडली गेली आहे. विलंब स्मारकाच्या अटींमुळे होत नसून कागद न उघडल्यामुळे होत आहे. हयात माणसाला दगडापेक्षा अधिक हवे असते ते आपले काम खरे होते याची नोंद. ती देण्याचे सामर्थ्य कोणत्याही दात्याजवळ नाही. ते आदेश देणाऱ्या राज्यसंस्थेजवळच आहे.

दुसरा आक्षेप असा की दिल्लीतील राष्ट्रीय युद्ध स्मारक २५ फेब्रुवारी २०१९ रोजी राष्ट्राला अर्पण झालेले असताना वेगळे स्मारक हवेच कशाला? त्या स्मारकाच्या त्यागचक्रावर पंचवीस हजारांहून अधिक नावे आहेत आणि त्यांत गुप्तवार्तेच्या कामात वीरमरण आलेले सैनिकही सैनिक म्हणून समाविष्ट होऊ शकतात. परंतु ते स्मारक हौतात्म्याचे आहे. गुप्तवार्ता सेवेतील बहुसंख्य माणसे सेवा पूर्ण करून घरी परततात आणि घरच्यांनाही काही न सांगता आयुष्य काढतात. मृत्यूवाचूनही सेवा स्मरणीय असते, हे सांगणारे स्मारक आपल्याकडे नाही. त्यामुळे मागणीमागील उणीव खरी आहे, हे मान्य केलेच पाहिजे.

समारोप

या प्रश्नाकडे पाहण्याची एक देशी दृष्टीही उपलब्ध आहे. उत्तर कोकणात, बोरिवलीजवळील एकसर येथे, नौकायुद्धाचे प्रसंग कोरलेले वीरगळ आहेत. वीरगळावर बहुधा नाव नसते. असते ती कृती. खालच्या चौकटीत लढाई, वर वीराचे स्वर्गारोहण, त्याहून वर त्याची उपासना. वीराच्या नावाचा दावा न करता त्याच्या कर्माची साक्ष देण्याची ही रीत शेकडो वर्षे टिकली. गुप्त सेवेच्या स्मारकाला हा आदर्श मानवण्यासारखा आहे. मात्र वीरगळ उभारणाऱ्या गावाला तो वीर ठाऊक होता, हा भेद विसरता येत नाही. गावाची ती ओळख हाच त्या दगडाचा पुरावा होता. आधुनिक राज्यात ते गावपण अभिलेखागाराकडे आलेले आहे.

म्हणून खासगी निधीतील स्मारकाचे विधेयक स्वीकारार्ह की त्याज्य, याचा निर्णय निधी कोठून आला यावरून करता येणार नाही. पालघरच्या स्तंभापुढे उभे राहणाऱ्याला पाच नावांची खात्री असते. शिरपामाळावरून सुरतेच्या वाटेकडे पाहणाऱ्याला पुढे गेलेल्या हेराची केवळ कल्पना करता येते. या दोहोंमधील अंतर कागदाचे आहे. ते अंतर कमी करणारे कलम ज्या विधेयकात असेल ते गुप्त सैनिकांचा सन्मान करील. ते नसेल, तर उभा राहणारा दगड दात्यांच्या उदारतेचे स्मारक होईल आणि ज्यांच्यासाठी तो उभारला ते सैनिक पूर्वीइतकेच अज्ञात राहतील.